बदकांची पंगत

परवा कल्याणात आमच्या आळीत एक गृहस्थ आपल्या मुलाला दटावत होते, "अभ्यास कर, नाहीतर त्या बदक्या डॉक्टरासारखा वेडा होशील." मी ओसरीवर बसलो होतो. राहवलं नाही म्हणून विचारलं, "तुम्ही पाहिला होतात का हो तो डॉक्टर?" तर म्हणाले, "छे, मी तेव्हा लहान होतो. पण सगळं कल्याण सांगतं."

सगळं कल्याण! या सगळ्या कल्याणाला मी चांगलं ओळखतो. दवाखान्याच्या पायरीवर फुकटच्या औषधासाठी सकाळपासून ताटकळत बसणारं हेच कल्याण, आणि पाठ वळली की त्याच डॉक्टरची नक्कल करून हसणारंही हेच. मी आता म्हातारा झालो आहे आणि राग गिळायची सवय मला कधीच नव्हती. म्हणून वामनराव डॉक्टर मी जसे पाहिले तसे लिहून ठेवतो. ज्यांनी नुसतं ऐकलंय त्यांनी पुष्कळ बोलून घेतलंय.

वामनराव इथल्या सरकारी दवाखान्यावर हॉस्पिटल असिस्टंट होते. मी शाळेत मास्तर. त्यांच्या आणि माझ्या परसांमध्ये कमरेइतक्या उंचीची एक भिंत होती आणि त्या भिंतीवरून मला त्यांचा संसार रोज ऐकू येई. संसार म्हणजे ते आणि त्यांची थोरली बहीण अक्का. अक्का लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. आई गेल्यावर वामनरावांना त्यांनीच वाढवलं. लग्न करून आणलेली बायको वर्षभरात बाळंतपणात गेली आणि दुसरं लग्न करा असं म्हणायला आलेल्या प्रत्येक माणसाला वामनरावांनी पायरीवरूनच परत पाठवलं.

ठेंगणा बांधा, पगडी नेहमी एका कानावर आलेली, बारा महिने अंगात तोच काळा अल्पाकाचा कोट, आणि कोटाला फिनेलचा वास. आवाज मात्र देहाच्या मानाने फार मोठा. ते बोलत नसत, ओरडत. "पथ्य पाळलंस का?" हे ते असं विचारत की पथ्य पाळलेला माणूसही घाबरून "नाही" म्हणे. कुणी म्हणालं, "डॉक्टर, नशीबच खोटं, दुसरं काय," की त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागायची. "नशीब? नशिबाला कुठून सूज येते ते दाखव! मला कारण सांग, कारण!" एका म्हाताऱ्याने भीतभीत बोट आपल्या गुडघ्यावर ठेवलं होतं, ते मला अजून आठवतं.

त्यांची एक खोड होती. समोर माणूस आला की त्यांची तीन बोटं त्याच्या उजव्या बरगडीखाली जात. "श्वास घ्या. आणखी. सोडू नका." यकृताची कड बोटाला लागते का, ते पाहत. रोगी असो, नातेवाईक असो, सत्यनारायणाला आलेला भटजी असो. मी नवा शेजारी म्हणून त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा चहाच्या आधी माझं यकृत तपासलं गेलं. "ठीक आहे," म्हणाले, "आता बसा."

ही खोड त्यांना मिठागरांनी लावली. खाडीकाठी, डोंबिवलीच्या अंगाला, मिठागरांवर राबणाऱ्या आगऱ्यांची वस्ती होती. तिथून चाळिशी न ओलांडलेली माणसं डोलीत घालून दवाखान्यात येत. डोळे हळदीसारखे पिवळे, हातापायांच्या काड्या, पोट टम्म, आणि बरगडीखाली हाताला लागणारी दगडासारखी कठीण, ओबडधोबड गाठ. लोक म्हणत, पोटात दगड झाला. वामनराव म्हणत, यकृताचा कॅन्सर. आणि ठाण्याचे सिव्हिल सर्जन साहेब म्हणत, ताडी. साहेबांनी ते एकदा म्हटलं आणि प्रकरण मिटलं. ताडी पितात, मरतात. लिहायला सोपं, वाचायला सोपं, आणि सरकारला काही करावं लागत नाही.

हाशा नावाचा एक आगरी या आजारात दवाखान्यात पडला होता. गळ्यात तुळशीची माळ, दारूचा थेंब कधी शिवला नव्हता. साहेब तपासणीला आले असता वामनराव त्यांना हात धरून त्या खाटेपाशी घेऊन गेले आणि ती माळ उचलून दाखवत इंग्रजीत ओरडले, "हा ताडी पीत नाही!" साहेब म्हणाले, "सगळेच असं सांगतात." वामनरावांनी साहेबांच्या तोंडावर माळ आपटली नाही एवढंच.

हाशा गेला. त्याची बायको चांगुणा, पदराला दोन पोरं. वामनरावांनी तिला हात जोडले. त्यांना एकदाच, फक्त एकदाच, आतलं पाहायचं होतं. कारण बाहेरून चाचपून गाठ कळते, ती का झाली ते कळत नाही. ती म्हणाली, "जिता व्हता तवा तुजे हातान दिला, डाक्टर. आता आमचा हाय." आणि घेऊन गेली. तिचं काय चुकलं? तिच्या जागी आम्ही असतो तर आम्ही तरी दिला असता का? वामनरावही तिच्यावर रागावले नाहीत. त्या रात्री त्यांचा आवाज भिंतीवरून आला नाही, हे मला चमत्कारिक वाटलं होतं.

पुढे दिवसकार्याच्या सुमारास ते वस्तीवर गेले. चांगुणा त्यांना सांगत होती की नवऱ्याच्या पथ्यपाण्यात काही कसूर केली नाही. "तू बोल्लास जुने तांदलाची पेज दे. दिली. दोन पावसाल्यांचा तांदूल, मक्तेदाराचे गोदामातला. रोज दिली." मडक्यातला उरलेला तांदूळ तिने आणून दाखवला. ओलीने गोळे धरलेला, वर हिरवट-पिवळा बुरा. आजाऱ्याला जुना तांदूळ हलका, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. वामनरावांनीही आयुष्यभर हेच सांगितलं होतं. आणि वस्तीवर जुना तांदूळ म्हणजे हा! तिच्या अंगणात त्याच मडक्यातलं शिळंपाकं खाणारी बदकं होती. त्यांतली दोन पंख टाकून पडली होती. वामनरावांनी त्यांतलं मेलेलं एक मागून घेतलं, खाडीच्या बांधावरच चाकूने कापलं, आणि यकृत तळहातावर घेऊन बघत बसले. फिकट पडलेलं, कठीण, आणि त्यावर वाटाण्याएवढ्या गाठी.

हे मला त्यांनीच सांगितलं. सांगताना ओरडले नाहीत. म्हणाले, "मास्तर, माणूस मला उघडून बघता येत नाही. पण बदक माझ्याकडे खोटं बोलणार नाही."

आता तो तांदूळ कुठून येई ते सांगतो. मिठागराचे मक्तेदार रामशेट. पावसाळ्यात मीठ पिकत नाही, हातांना काम नाही. तेव्हा मक्तेदाराने मजुरांना पोटापुरतं धान्य द्यायचं, त्याला खावटी म्हणतात. रीत चांगली. पण रामशेट खावटीसाठी बंदरात मचव्यांवर भिजलेला, गोदामात सडत पडलेला तांदूळ मातीमोलाने उचलत. एका मुंजीत पानं मांडली जात असताना वामनरावांची बोटं रामशेटच्या बरगडीखाली गेली. "श्वास घ्या, शेट. वा! तुमचं यकृत उत्तम आहे. तुम्ही स्वतःच्या गोदामातला तांदूळ खात नाही वाटतं?" पंगतीत हशा पिकला. रामशेटही हसले. पण ते हसणं मी जवळून पाहिलं होतं.

मग बदकं आली. ब्राह्मण आळीत, वामनरावांच्या तुळशीवृंदावनाच्या मागे, कामट्यांची दोन खुराडी. त्यात एकाच वेळी उबवलेली पिलं. काय गहजब झाला म्हणून सांगू! अंडी खाणार, कोंबड्या आणणार, उद्या आणखी काय आणणार! आळीतले वडीलधारे जमून आले, वाळीत टाकायची भाषा झाली. वामनराव दारात उभे राहिले आणि म्हणाले, "टाका. मात्र आजपासून तुमच्यापैकी कुणाचा जुलाब थांबला नाही तर माझ्याकडे यायचं नाही." मंडळी पांगली. धर्म मोठा खरा, पण त्या वर्षी कल्याणात पटकीची साथ होती.

प्रयोग सोपा होता. त्यांनी मला भिंतीवरून तो इतक्या वेळा समजावला की मी तो झोपेतही म्हणून दाखवला असता. दोन्ही खुराड्यांना पाणी एकाच विहिरीचं, सावली एकाच फणसाची, कोंडा एकाच गिरणीचा. "फरक एकच, मास्तर! एकच!" डाव्या खुराड्याला चांगला तांदूळ. उजव्याला रामशेटच्या गोदामातला. माणसं शिजवून खातात तर बदकांनीही शिजवूनच खायचं, म्हणून परसात वेगळी चूल आणि दोन वेगळी भांडी. दोन पावसाळे हे चालवायचं आणि मग साहेबांसमोर दोन्हीकडची बदकं उघडायची. उजवीकडे गाठी निघाल्या आणि डावीकडे निघाल्या नाहीत, तर ताडी खोटी ठरते, तांदूळ खरा ठरतो. मग साहेबांना त्या तांदळाचं वाटप बंद करावंच लागेल. एवढंच हवं होतं त्यांना. पदवी नको, बढती नको, विलायतेच्या मासिकात नाव नको. तो तांदूळ बंद.

दिवसभर ते दवाखान्यात. तेव्हा बदकांचं खाणंपिणं अक्कांकडे आलं. अक्कांनी आधी पुष्कळ खळखळ केली, प्रत्येक वेळी आंघोळ केली, पण महिनाभरात त्या पोरांना रागवावं तसं बदकांना रागवू लागल्या. "बसा ग बायांनो, ढकलाढकल करू नका, सगळ्यांना वाढते," हे मी रोज दुपारी ऐकत असे. फक्त एक गोष्ट त्यांना पहिल्या दिवशीच खटकली होती आणि ती त्यांनी बोलूनही दाखवली.

"वामन, एका अंगणात जेवायला बसलेल्यांना दोन तऱ्हेचं वाढायचं? हा पंक्तिप्रपंच आहे. आपल्या घरात कधी झाला नाही."

"अक्का, ती बदकं आहेत! पाहुणे नाहीत!"

"जेवायला बसलं की पाहुणाच."

"मी सांगतो तसं कर!" वामनराव असे ओरडले की फणसावरचे कावळे उडाले.

अक्का गप्प बसल्या. आमच्याकडे बायका वाद घालायच्या थांबल्या म्हणजे त्यांना पटलंच, असं पुरुष धरून चालतात. वामनरावांनी अख्ख्या तालुक्याच्या बरगड्या चाचपल्या, पण जिने त्यांना भरवून वाढवलं तिच्या मनात काय आहे ते चाचपायला त्यांना सवड झाली नाही. मला त्यांचा राग येतो तो एवढ्याच गोष्टीचा.

दोन पावसाळे गेले. उजव्या खुराड्यातली दोन-तीन बदकं मधेच मेली. ती कापली तर गाठी निघाल्या. वामनराव त्या दिवशी लहान मुलासारखे अंगणात येरझारा घालत होते. डाव्या खुराड्यातल्या एकालाही त्यांनी हात लावला नाही. "ते साहेबांसमोर. नाहीतर म्हणेल, या काळ्याने आधी निवडून ठेवली." त्याच काळात वस्तीवरून आणखी डोल्या येत होत्या. डोलीगणिक ते जास्त ओरडत. "थांबा रे," असं एकदा एका मरत्या माणसाला म्हणालेले मी ऐकले, "थोडे दिवस थांबा, मी दाखवतो त्यांना."

आणि तो दिवस आला. ज्येष्ठ संपत आला होता, आठवड्याभरात खावटीचं वाटप व्हायचं होतं. साहेब दवाखान्याच्या तपासणीला ठाण्याहून आले आणि वामनरावांनी त्यांना गळ घालून घरी आणलं. म्युनिसिपालिटीचे सभासद म्हणून रामशेटही मागोमाग आले. मागच्या अंगणात टेबल मांडलं. भिंतीच्या या बाजूला मी, त्या बाजूला दाराआड अक्का.

उजव्या खुराड्यातलं बदक उघडलं. यकृतावर गाठी, चांगल्या बोराएवढ्या. साहेब वाकून पाहू लागले. त्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा गेला. दुसरं उघडलं, तेच. वामनरावांनी कपाळावरचा घाम बाहीने पुसला, सावकाश म्हणाले, "आता चांगल्या तांदळावरची," आणि डाव्या खुराड्यातलं एक उघडलं.

गाठी.

मला आधी वाटलं, चुकून उजवीकडचंच घेतलं. वामनरावांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी घाईने डावीकडचं दुसरं घेतलं. गाठी. तिसरं. त्यातही.

साहेबांनी रुमालाने बोटं पुसली. "डॉक्टर," ते म्हणाले, "तुमच्या अंगणात बदकं आजारी पडतात, एवढं तुम्ही सिद्ध केलंत. यांनाही ताडी पाजता की काय?" रामशेटना इंग्रजी कळत नव्हतं, पण ताडी हा शब्द कळला. ते पोट धरून हसले. आणि त्यांच्यामागे उभे असलेले आमच्या आळीतले चार लोकही हसले. तेच, ज्यांची पटकी या माणसाने बरी केली होती. मला त्यांची नावं पाठ आहेत. लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं माझ्याकडे शिकली आहेत.

सगळे गेल्यावर अक्का बाहेर आल्या. वामनराव टेबलापाशी तसेच उभे होते.

"वामन," त्या म्हणाल्या, "काय झालं रे? ते हसले का?"

"डावीकडच्यांनाही गाठी आहेत, अक्का. चांगला तांदूळ खाऊनही."

अक्का म्हणाल्या, "नुसता चांगला नव्हता तो. मी दोन्ही भात कालवून वाढत होते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. एकांना सडका, एकांना चांगला. माझा हात धजेना. म्हटलं, थोडं वाईट सगळ्यांनी खाल्लं तर कुणाच्याच वाट्याला फार येणार नाही." त्या खुराड्यांकडे वळल्या. "मुक्या जिवांत भेद कसा करू रे?"

मी भिंत घट्ट धरली. आता हा माणूस काय करतो, असं मला झालं. पथ्य जरा चुकलं म्हणून अंगणभर ओरडणारा माणूस तो. पण वामनराव ओरडले नाहीत. ते उलट्या टोपलीवर बसले आणि फार हळू म्हणाले, "म्हणजे सगळ्यांनीच तो तांदूळ खाल्ला."

"हो."

"आणि सगळ्यांनाच गाठी झाल्या. अक्का, म्हणजे तांदूळच आहे. तांदूळच आहे ग!" आणि हा माणूस बहिणीच्या पायांशी बसून रडायला लागला. मी घरात निघून आलो.

दुसऱ्या दिवशी ते अक्कांना घेऊन ठाण्याला गेले. ज्या बाईने उभ्या जन्मात आळीबाहेरच्या पुरुषासमोर तोंड उघडलं नव्हतं, ती विधवेचं लाल आलवण डोक्यावरून घट्ट ओढून सिव्हिल सर्जनच्या बंगल्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मी कालवलं. दोष माझा आहे, त्याचा नाही." वामनरावांनी ते भाषांतर करून सांगितलं. अक्कांनी मला नंतर सांगितलं की या वेळी साहेब हसले नाहीत. नीट ऐकून घेतलं, बाईंना खुर्ची दिली. मग म्हणाले, "पण मग तुमचा प्रयोग झालाच नाही, डॉक्टर. तुलना कशाशी करायची? पुन्हा करा."

"दोन पावसाळे लागतील, साहेब."

"मग दोन पावसाळ्यांनी या."

आता खरी गोष्ट सांगतो. शास्त्राच्या दृष्टीने साहेब बरोबर होते. वामनरावही हे मानत. तेच मला हे पटवून देत होते, आणि मी मात्र मुठी आवळत होतो. मला अजून संताप येतो तो याचाच. प्रयोग पुन्हा करा, अवश्य करा. पण तोवर तो तांदूळ वाटू नका, एवढं म्हणायला कुठल्या शास्त्राची आडकाठी होती? बदकांसाठी दोन वर्षं थांबायला साहेबांची हरकत नव्हती. थांबायचं कुणी? हाशाच्या भावाने, शेजाऱ्याने, आणि ज्यांचे डोळे अजून पिवळे झाले नव्हते त्यांनी. आणि आमचं कल्याण! त्याच वर्षी अधिक महिन्यात रामशेटने ब्राह्मणभोजन घातलं. पानावर वासाचा आंबेमोहोर, वर तूप. मिठागरावर बुरा आलेला तांदूळ. एका अशिक्षित बाईला दोन खुराड्यांत पंक्तिप्रपंच दिसला. वेद म्हणणाऱ्या शे-दोनशे लोकांना तो आपल्या पानाच्या पलीकडे दिसला नाही. ढेकर देऊन सगळे म्हणाले, शेटचा हात मोठा.

खावटीच्या वाटपाच्या सकाळी अक्कांनी मला भिंतीवरून हाक मारली. "मास्तर, वामन चाकू घेऊन खाडीकडे गेलाय. जरा मागे जा हो." मी शाळा तशीच सोडून निघालो.

त्या सकाळनंतरचं सगळं एका पंधरवड्यातलं. सरकारी माणसाने दंगा केला अशी रामशेटची तक्रार ठाण्याला गेली आणि वामनरावांची बदली दूर खानदेशात झाली. घर रिकामं केलं त्या दिवशी मी परीक्षेच्या कामात होतो. घरी आलो तो भिंतीपलीकडे नुसती मोडलेली खुराडी. खानदेशात त्यांनी पुन्हा बदकं पाळली असं कुणी म्हणतं, आणि तिथल्याच तापाने ते लवकर गेले असंही म्हणतात. मला खात्रीचं काही ठाऊक नाही. माझ्या डोळ्यांसमोर राहिले आहेत ते खाडीवरचे वामनराव.

त्या सकाळी मी पोचलो तेव्हा बांधावर पोती रचलेली होती आणि रामशेटचे दिवाणजी पायली घेऊन बसले होते. वस्तीतली माणसं रांगेत उभी होती. पोत्यांच्या पुढ्यात वामनराव, पगडी नाही, कोट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. त्यांनी एक पोतं चाकूने टराटरा फाडलं. हिरवट गोळे बाहेर घरंगळले आणि कोंदट वास सुटला.

"बघा! हे खाऊन तुमची माणसं मेली! हे घेऊ नका!"

दिवाणजी शांतपणे म्हणाले, "साहेबांनी तपासून सांगितलंय, तांदळात दोष नाही. ज्याला नको त्याने जावं."

रांगेतून एक माणूस हलला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "मंग दुसरा दे, डाक्टर. तुजेकरं हाय का दुसरा?"

वामनरावांकडे दुसरा नव्हता. त्यांनी ते फाटलेलं पोतं पायाने खाडीत ढकललं. दुसरं ढकललं. माणसं धावली, चिखलात उतरली आणि वाहणारा तांदूळ टोपल्यांनी, धोतराच्या सोग्यांनी, हातांनी गोळा करू लागली. कुणी वामनरावांना धक्का दिला, ते खाली पडले, उठले, आणि तिसऱ्या पोत्याला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी घातली. पोत्याचं दुसरं टोक चांगुणाने धरलेलं होतं.

"सोड, बाई!" ते ओरडले. त्यांचा आवाज खाडीपार गेला असेल. "हाशा यानेच गेला! तुला सांगतो मी, यानेच!"

"मना ठाव हाय," ती म्हणाली.

कंबरेइतक्या चिखलात ती उभी होती, पदर खोचलेला, मागे बांधावर तिची दोन पोरं.

"हाशा खाऊन मेला," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ही न खाता मरतीन. सोर, डाक्टर."

ती ओढत नव्हती, नुसती धरून उभी होती. दिवाणजी बघत होते, मी बघत होतो, भरतीचं पाणी चढत होतं.

वामनरावांनी पोतं सोडलं.